जगतापबाईंचा ऐकायचा तास

बाई, तुम्ही सोमवारी संध्याकाळी गेलात. मंगळवारी सकाळी अंत्यसंस्कार झाले.

त्यापुढचा तपशील, म्हणजे जन्म, शिक्षण, सेवेची वर्षं आणि मागे कोण कोण आहे, हे आमच्या दैनिकाच्या बुधवारच्या अंकात आलं आहे. ते मी लिहिलं नाही, रात्रपाळीतल्या सहकाऱ्यानं लिहिलं. त्यानं तुमच्या नावाआधी ‘विद्यार्थिप्रिय’ असं विशेषण लावलं होतं. अंक छपाईला जाण्यापूर्वी ते मी काढलं. ‘कोणत्या विद्यार्थ्याला विचारलंत?’ असं तुम्ही विचारलं असतं आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

इथे मी बातमीत न आलेलं लिहिते आहे. बरंचसं तुम्हाला माहीत आहे. एक गोष्ट मला मंगळवारपर्यंत माहीत नव्हती. तुम्हाला ती सात वर्षांहून अधिक काळ माहीत होती.

बिबवेवाडीतल्या तुमच्या प्राथमिक शाळेत मी पहिल्यांदा आले ती पालकसभेवर दोन कॉलम लिहायला. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. पालकसभा कुठेच दिसेना. व्हरांड्यात लांबलचक सतरंजी टाकलेली होती, तिच्यावर एका बाजूला मोठी माणसं आणि त्यांच्यासमोर एकेक मूल. सगळी मुलं एकाच वेळी मोठ्यानं वाचत होती. बाजारात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

‘हे काय चाललंय?’ मी विचारलं.

‘ऐकायचा तास.’

‘शिकवतंय कोण?’

‘कोणी नाही. शिकवायला पगारी माणसं आहेत, ती सकाळी शिकवून दमली. हे ऐकायला आलेत.’

नियम तुम्ही उभ्या उभ्या सांगितलेत. आपलं मूल आपल्या वाट्याला येणार नाही, दुसऱ्याचं येईल. वाचताना मूल चुकलं तरी मधे टोकायचं नाही. फोन चपलांजवळ ठेवायचा. मूल अडलं की त्याच्याकडे बघून एवढंच म्हणायचं: ‘मग?’ आणि घरी गेल्यावर आपल्या मुलासमोर बसून हेच करायचं. शनिवार हा फक्त सराव होता.

त्या दिवशी चार घरी स्वयंपाकाची कामं करणाऱ्या एक आई दारात घुटमळत होत्या. ‘बाई, मला वाचता येत नाही. मी काय ऐकणार?’

‘कानानं ऐकायचं.’

‘पण पोरगं चुकीचं वाचत असलं तर?’

‘तुम्हाला कळणार नाही, म्हणून तर तुम्ही चांगल्या. ज्यांना कळतं ते गप्प बसत नाहीत. तुम्ही बसा.’

ज्यांना कळत होतं असे एक जण सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला होतेच. जवळच्या सोसायटीत राहणारे बँकेतले अधिकारी. समोरच्या मुलाचा प्रत्येक दुसरा शब्द ते दुरुस्त करत होते. मुलगा हळूहळू पुटपुटायला लागला आणि मग गप्पच झाला. तुम्ही जाऊन दोघांच्या मधे बसलात.

‘साहेब, बँकेत ग्राहक अर्धं वाक्य बोलला की त्याला थांबवता का हो?’

‘वेळ नसतो बाई. थांबवावं लागतं.’

‘तरीच.’

एवढंच बोललात. ते साहेब पुढच्या शनिवारी आले आणि तोंड मिटून बसले. मुलगा तीन पानं वाचून गेला. हे मी बातमीत घेतलं होतं. जागेअभावी गळलं.

मी वही मिटून निघाले तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘नुसतं लिहून जाणार? कान आणलेत ना बरोबर?’ माझी ड्यूटी संध्याकाळी सुरू व्हायची, शनिवारची दुपार मोकळी असायची. मी सदाशिव पेठेतून दर शनिवारी यायला लागले. मला तुम्ही सई दिलीत.

सई तेव्हा तिसरीत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि वाचण्याचा वेग असा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. पुस्तक ती घरून आणायची, तिच्या मोठ्या बहिणीचं जुनं. तिसऱ्या शनिवारी त्या पुस्तकाची दोन पानं वरणानं एकमेकांना चिकटलेली होती. सईनं ती एकदम उलटली. गोष्ट मात्र कुठेही तुटली नाही. चिकटलेल्या पानांच्या आत जो मजकूर होता, तोही ती पुढच्या पानावर बोट ठेवून वाचून गेली.

ती खेळायला पळाल्यावर मी नखानं पानं सोडवली. आतला मजकूर शब्दाला शब्द तोच होता.

कार्यालयात तुम्ही कपाट बंद करत होतात. मी पुस्तक तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही सईला बोलावलंत, फळ्यावर दोन सोपी वाक्यं लिहिलीत आणि वाचायला सांगितलंत. ती फळ्याकडे बघत राहिली, मग तुमच्याकडे, मग दाराकडे. तुम्ही म्हणालात, ‘बरं, जा खेळ.’ मोठी बहीण घरी वाचायची, हिनं ऐकून सगळं पुस्तक पाठ केलं होतं. पान कुठे उलटायचं ते चित्रावरून कळत होतं. दोन वर्षं कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

‘वडिलांना सांगा,’ मी म्हटलं.

सईच्या वडिलांना, दत्ताभाऊंना, तोवर मी ओळखायला लागले होते. बिबवेवाडी गाव होतं तेव्हापासूनच्या शेतकरी घरातले. जमीन वडिलांच्या हयातीतच इमारतींखाली गेली. ते टेम्पो चालवायचे, पहाटे मार्केट यार्डातून माल भरून मंडईत टाकायचे. शाळा दुसरीत सुटलेली. बँकेतले साहेब सोडले तर शनिवारी ऐकायला बसणारे, गेटबाहेर टेम्पो लावून येणारे ते बहुधा एकमेव वडील होते, बाकी सगळ्या आया. दुसऱ्यांची मुलं ते मान डोलावत ऐकायचे. आणि घरी रोज संध्याकाळी सईला समोर बसवून वाचायला लावायचे. पाहुणे आले तर पाहुण्यांना ऐकवायचे. तिच्या वाचनाचा व्हिडिओ त्यांनी मलाही दाखवला होता, मी न विचारता.

‘काय सांगू त्यांना?’ तुम्ही विचारलंत.

‘मुलीला वाचता येत नाही, हे.’

‘दिवसभर गाडी हाकून आलेला माणूस रोज पोरीसमोर बसतो. तुमच्या पेठेत असे किती बाप आहेत, शोधून आणा. उद्या हा बसायचा बंद झाला तर वाचायला मी शिकवीन तिला. ऐकायला कोणाला आणू?’

‘म्हणून खोटं बोलायचं?’

‘मी अजून काहीच बोललेली नाही. बातमीला जागा कमी पडली की तुम्ही शेवटचा परिच्छेद कापता. ते खोटं असतं का?’

‘कापतो तो परिच्छेद बिनमहत्त्वाचा असतो. हा मथळा आहे.’

तुम्ही हसलात. मग मी जे बोलले ते आजही मला बरोबर वाटतं. मी म्हटलं, ‘दोन वर्षं ती तुमच्या शाळेत बसली आहे. वडिलांना सांगायचं म्हणजे तेही सांगावं लागेल. गप्प राहण्याचं कारण ते तर नाही ना?’

तुम्ही कपाटाला कुलूप लावलंत, किल्ली कमरेला खोचलीत आणि म्हणालात, ‘हो. तेही आहे.’

मी ऑफिसला गेले. आपला वाद तिथे सुरू झाला.

पंधरवड्यानंतरच्या शनिवारी दत्ताभाऊ टेम्पोतून उतरले तेच बोलत. ‘बाई, आमची सई मंडपात बोलणार हाय. गणपतीत बायकांची रांगोळीची स्पर्धा हाय ना, त्याचा निकाल ती वाचंल माईकवर. मी मंडळाला शब्द दिलाय.’

‘छान,’ तुम्ही म्हणालात.

निकाल स्पर्धेच्याच संध्याकाळी लागणार होता. परीक्षक नावं लिहून देणार आणि कागद सरळ सईच्या हातात. पाठ करायला वेळच नव्हता, आणि काय पाठ करायचं हेही कोणाला आधी माहीत असणार नव्हतं. दत्ताभाऊ गेल्यावर मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, ‘आता तारीख ठरली.’

मला त्या वेळी जे दिसत होतं ते असं: सगळ्या गल्लीसमोर, माईकवर, एक आठ वर्षांची मुलगी हातात कागद धरून गप्प उभी राहील. दुसऱ्या दिवसापासून ती पुस्तकाला हात लावणार नाही आणि वडील शाळेचं नाव काढणार नाहीत. मी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘होऊ शकतं.’

त्या दिवसापासून सई प्रार्थनेच्या आधी शाळेत यायची. तुमच्या टेबलापाशी उभी राहून शिकायची. वर्गातल्या मुलांना वाटत होतं, तुमचा सकाळचा चहा आणून द्यायला तुम्ही तिला बोलावता. तुम्ही तो समज दूर केला नाहीत. पाठ झालेलं पुस्तकही तुम्ही तिच्याकडून काढून घेतलं नाहीत. त्यातलंच वाक्य फळ्यावर लिहायचात आणि त्यात एक शब्द बदलायचात. पाठ म्हणत म्हणत ती त्या शब्दावर आपटायची. ‘इथे काहीतरी वेगळं आहे,’ असं ती म्हणाली, हे तुम्ही त्याच दिवशी मला फोन करून सांगितलंत. आपल्या ओळखीत तुम्ही आपणहून केलेला तो पहिला फोन.

दुसरं काम तुम्ही दत्ताभाऊंना दिलंत. ‘रांगोळी काढणाऱ्या बायका कुठल्या? गल्लीतल्याच ना? मग त्यांची नावं त्यांच्या दारावर आहेतच. रोज संध्याकाळी पाच दारं. तुम्ही बरोबर जायचं. वाचायचं तिनं, तुम्ही नाही.’

‘मला कुठं येतंय वाचायला,’ दत्ताभाऊ म्हणाले.

‘म्हणूनच तुम्हाला पाठवतेय.’

माझ्या सुट्टीच्या एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर फिरले. दत्ताभाऊ दार वाजवायचे आणि उघडणाऱ्याला दटावायचे, ‘वहिनी, पोरगी नाव वाचतीय. बरोबर हाय का तेवढं सांगा. पण तिचं झाल्यावर. मधी बोलू नका.’ सई चवड्यांवर उभी राहून पाटीवर बोट फिरवायची. एका दारात काकू हसून म्हणाल्या, ‘अगं, रोज येतेस इथं खेळायला. नाव माहीत नाही होय माझं?’

‘माहितीये काकू,’ सई म्हणाली, ‘पण वाचायचंय.’

दत्ताभाऊ तेव्हा भिंतीकडे बघत होते. मी ते नोंदवलं, त्याचा अर्थ लावला नाही.

गल्लीच्या टोकाच्या इमारतीत सदाशिव पेठेतून राहायला आलेले एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या नावाच्या पाटीखाली दुसरी पाटी होती: ‘दुपारी एक ते चार घंटी वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही व कारणही सांगितले जाणार नाही.’ सईनं ती वाचायला घेतली. बराच वेळ लागला. मधेच दार उघडलं आणि आजोबा आत हाताची घडी घालून उभे राहिले. दत्ताभाऊ त्यांना दटावायच्या बेतात होते, पण आजोबा काही बोललेच नाहीत. सईनं शेवटचं ‘नाही’ वाचलं.

‘इतक्या वर्षांत शेवटपर्यंत वाचणारी तू पहिली,’ आजोबा म्हणाले. ‘बाकी सगळे घंटी वाजवतात.’

दुसऱ्या दिवशी पाटीवर खडूनं एक ओळ वाढली होती. ‘लाल रिबीनवाल्या मुलीने संध्याकाळी घंटी वाजवण्यास हरकत नाही.’ त्याच्या पुढच्या दिवशी आणखी एक. गणपती येईपर्यंत आजोबांची पाटी खिडकीपर्यंत पोचली होती. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘त्यांना शनिवारी बोलवा.’ ते आले. शेवटपर्यंत येत राहिले.

मंडपात आपण बाजूच्या खुर्च्यांवर बसलो होतो. दत्ताभाऊ आपल्या पुढे, उभे. सईला स्टुलावर चढवलं, माईक खाली ओढला. तिनं पहिलं नाव वाचलं. दुसरं वाचलं, त्याला थोडा वेळ लागला, पण वाचलं. तिसरं वाचलं. उत्तेजनार्थ बक्षिसासाठी नाव होतं ज्योत्स्ना. त्या गल्लीतल्या नव्या भाडेकरू. त्यांच्या दारावर पाटी नव्हती.

सई थांबली. स्पीकरमधून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मी दत्ताभाऊंच्या पाठीकडे पाहत होते. तुम्ही सईकडे.

मग ती माईकमध्ये म्हणाली, ‘हे नाव मला वाचता येत नाहीये. ज्यांचं असेल त्यांनी यावं.’

मंडपात हशा पिकला. मागून एक बाई उठल्या. ‘माझंच असणार ते! मलाही लिहायला शाळेत दोन वर्षं लागली.’ टाळ्या पडल्या. ज्योत्स्नाताईंनी बक्षीस घेताना सईच्या कागदावर बोट ठेवून नाव तिला वाचून दाखवलं. सईनं ते माईकवर पुन्हा म्हटलं.

दत्ताभाऊ वळले. डोळे लाल झालेले. ‘बाई,’ ते तुम्हाला म्हणाले, ‘पोरगी थांबली. पाठ असतं तर थांबली नसती.’

तुम्ही मान हलवलीत. मी तुमच्या शेजारीच बसले होते, ते ऐकलं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, हा प्रश्न मी तिथेच विचारणार होते. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात आणि म्हणालात, ‘विचारू नका.’

त्यानंतर दर गणपतीत आपला तोच वाद झाला, बाई. माझं म्हणणं, बापाला आपलं आपण कळलं होतं आणि काही आभाळ कोसळलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असतं तरी कोसळलं नसतं. पालकांना खरं सांगावं, ते पेलतात. तुम्ही दर वेळी प्रश्नानं उत्तर द्यायचात. ‘आणि न पेलणारा निघाला असता तर?’ ‘कोणी, कुठे बसून, कोणत्या शब्दांत सांगितलं यानं फरक पडत नाही का हो?’ मी म्हणायचे, तुम्ही मूळ मुद्दा टाळताय. तुम्ही म्हणायचात, ‘चहा घ्या.’

वाद सोडला तर आपण खूप गोष्टी वादाशिवाय केल्या. करोनात शाळा बंद होत्या त्या काळात तुम्ही ऐकायचा तास फोनवर नेलात. तुम्ही तोवर निवृत्त झाला होतात, तरी यादी करून आम्हाला मुलं वाटून दिलीत. माझ्या वाट्याला आलेल्या एका मुलाच्या घरी एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जायचा. तुम्ही वडिलांनाच पटवलंत. ते पहारेकऱ्याच्या कामावरून घरी आले की जेवायच्या आधी फोन मुलाच्या हातात द्यायचे. मुलगा वाचायचा, मी ऐकायचे आणि मागे ताटाचा आवाज यायचा. वडील जेवणाला सुरुवात करायचे नाहीत, थांबायचे. हे मला त्या मुलानंच नंतर सांगितलं.

तुमच्या निरोप समारंभात तुम्ही शाल घेतलीत, नारळ घेतलात आणि मानपत्र वाचायला उभ्या राहिलेल्या सरांना म्हणालात, ‘द्या इकडे, घरी वाचीन. चांगलं असलं तर कळवीन.’ पुढच्या शनिवारी नेहमीसारख्या सतरंजीवर येऊन बसलात. नव्या मुख्याध्यापिकांनी तुम्हाला खुर्ची दिली. खुर्चीवर तुम्ही पिशवी ठेवलीत.

डिसेंबरात तुमच्या घरी आले ती आपली शेवटची भेट. डोळ्यांना त्रास होत होता, म्हणून मला पेपर वाचायला लावलात. अग्रलेखातला एक लांबलचक परिच्छेद मी गाळला. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, ‘मधलं कुठे गेलं?’ मी तो वाचला. संपल्यावर म्हणालात, ‘गाळलात ते बरोबर होतं.’ निघताना मी म्हटलं, ‘एकदा तरी कबूल करा बाई, दत्ताभाऊंना तेव्हाच सांगायला हवं होतं.’ तुम्ही म्हणालात, ‘हवंच होतं.’ मला वाटलं, औषधांनी थकल्या आहेत, वाद नको म्हणून म्हणताहेत. मी दार ओढून घेतलं.

मंगळवारी स्मशानभूमीतून दत्ताभाऊंनी मला टेम्पोत घेतलं. मधे सई होती, गणवेशात. ती आता दहावीत आहे, त्या दिवशी तिची मराठीची पूर्वपरीक्षा होती. दत्ताभाऊ तिला म्हणाले होते, पेपर राहू दे. ती म्हणाली, ‘बाईंना आवडलं नसतं.’ मग तिनंच दुरुस्त केलं, ‘म्हणजे, बाई ओरडल्या असत्या.’ शाळेच्या फाटकाशी ती उतरली आणि मागे न बघता आत गेली.

टेम्पो सुरू व्हायच्या आधी मी विचारलं, ‘दत्ताभाऊ, सईला तेव्हा वाचता येत नव्हतं, हे तुम्हाला कधी कळलं?’

ते फाटकाकडे बघत म्हणाले, ‘तुम्ही सांगितलं ना बाईंना, तवाच.’

‘म्हणजे?’

‘त्याच सांजच्याला आल्या घरी. पोरीला दुकानात पाठवलं आन् सांगितलं. म्हणल्या, दत्ताभाऊ, चूक शाळेची हाय, माझी हाय, पोरीची न्हाई. मी लई बोललो त्यांना. वाट्टंल ते बोललो. ऐकत बसल्या. एकदाबी मधी बोलल्या न्हाईत.’

‘मला का नाही सांगितलं त्यांनी?’

‘मीच शब्द घेतला. म्हणलं, मला म्हाईत हाय हे कुणालाच कळू देऊ नका. पत्रकार म्याडमला पण न्हाई. कुठनं तरी पोरीच्या कानावर गेलं असतं, तर तिला वाटलं असतं, बाप उगंच नाटक करत ऐकत बसतोय.’

‘आणि मंडपाचं?’

‘ते बाईंचं डोकं. म्हणल्या, पाठ करताच येणार न्हाई असं कायतरी शोधा. मी म्हणलं, अडकली तर? तर म्हणल्या, अडकल्यावर काय बोलायचं ते मी शिकवते, तुम्ही फकस्त जागचं हलू नका.’

बाई, त्या दिवशी ऑफिसात बसून मी आपलं सगळं बोलणं आठवेल तसं लिहून काढलं आणि तपासलं. कार्यालयात तुम्ही म्हणालात, ‘मी अजून काहीच बोललेली नाही,’ तेव्हा ते खरं होतं. त्यांच्याशी तुम्ही संध्याकाळी बोललात. ‘आता तारीख ठरली,’ हे खरं होतं. ‘होऊ शकतं,’ हेही. मंडपात तुम्ही मला विचारू नका म्हणालात, त्यांना माहीत नव्हतं असं कधीच म्हणाला नाहीत. पुढच्या सगळ्या वर्षांत तुम्ही प्रश्न विचारलेत, विधान एकही केलं नाहीत. डिसेंबरातलं ‘हवंच होतं’ तेवढं एक विधान होतं. ते बरोबर होतं.

म्हणजे माझं म्हणणं तुम्ही त्याच संध्याकाळी मानलं होतंत आणि मला ते कळू न देता इतकी वर्षं माझ्याशी भांडलात. आमच्या धंद्यात याला स्रोत सांभाळणं म्हणतात. इतका नीट सांभाळलेला स्रोत मी दुसरा पाहिलेला नाही. मी चिडलेली नाही. थोडी चिडलेली आहे. पण तुम्ही दाराशी जाऊन सांगितलंत, शिव्या खाल्ल्यात आणि त्या माणसाला ऐकायच्या जागेवरून उठू दिलं नाहीत, हे कळल्यावर आपल्या वादात आता दुसऱ्या बाजूला कोणी उरलेलं नाही. खरं सांगायचं, आणि घर मोडू न देता सांगायचं. मी अर्धं बोलत होते. तुम्ही दोन्ही करून बसला होतात.

आभार मानायचे राहिले. तुमच्यासमोर मानले असते तर तुम्ही ‘कशाबद्दल?’ असं विचारून यादी करायला लावली असती. यादी वर आहे.

दत्ताभाऊंना मी विचारलं, हे लिहू का? ते म्हणाले, आधी सईला मी सांगतो, मग तिला विचारा. बुधवारी त्यांनी तिला सांगितलं. ती काय म्हणाली, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

या लेखात नावं बदललेली आहेत. गुरुवारी संध्याकाळी सईनं इथपर्यंतचा मजकूर वडिलांना वाचून दाखवला. छापायला हरकत नाही, असं दोघांनी कळवलं.